पाडणे, खोडणे, रद्द करणे : विनाशवाचक इंग्रजी क्रियापदे कशी वापरावीत

मराठीत घर पाडतात, अक्षर खोडतात, फळा पुसतात, विहीर बुजवतात, दूध नासते, कायदा रद्द होतो आणि शत्रूचा नायनाट होतो. या क्रियापदांची आपसांत अदलाबदल करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. 'घर खोडले' किंवा 'फळा पाडला' असे पहिलीतले मूलही म्हणणार नाही. इंग्रजी लिहिताना मात्र हीच जाण हरवते, आणि त्याचे कारण बव्हंशी शब्दकोश पाहण्याच्या आपल्या सवयीत आहे. 'डिस्ट्रॉय', 'एलिमिनेट', 'इरॅडिकेट', 'एक्स्टर्मिनेट', 'अनायलेट' या शब्दांपुढे थोड्याफार फरकाने 'नष्ट करणे' किंवा 'नायनाट करणे' असाच अर्थ दिलेला आढळतो, आणि त्यामुळे हे सारे शब्द एकमेकांच्या जागी चालतील असा समज नवशिक्याच्या मनात पक्का होतो.

मराठी माध्यमातून शिकून मुंबईतील वॉर्ड ऑफिसात, न्यायालयात, बँकेत, विमा कंपनीत, गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात किंवा वृत्तपत्राच्या भाषांतर विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी हा लेख लिहिला आहे. उदाहरणे याच शहरातली घेतली आहेत, कारण पाडकाम, निष्कासन, नोंदी वगळणे आणि आदेश रद्दबातल ठरणे या गोष्टींशी येथील कारकुनाचा संबंध रोजच येतो. खालील पायऱ्या क्रमाने वापराव्यात. पहिल्या चार पायऱ्यांतच बहुतेक वाक्यांचा निकाल लागतो.

पायरी पहिली : नाश कशाचा, हे आधी ठरवावे

क्रियापद निवडण्यापूर्वी कर्म पाहावे. इंग्रजीतील विनाशवाचक क्रियापदे आपापले कर्म बांधून घेतात, आणि ते कर्म वस्तू आहे, बांधकाम आहे, प्रथा आहे, नोंद आहे की सजीव आहे यावर क्रियापदाची निवड अवलंबून असते. बांधकाम 'डिमॉलिश' होते, प्रथा 'अ‍ॅबॉलिश' होते, नोंद 'डिलीट' होते आणि चूक किंवा अडथळा 'एलिमिनेट' होतो. 'डिमॉलिश' हे क्रियापद इमारत, भिंत, पूल, झोपडी यांच्यापुरतेच राखून ठेवावे. त्याचा एक लाक्षणिक उपयोग आहे, तो म्हणजे एखाद्याचा युक्तिवाद 'डिमॉलिश' करणे, आणि तो वकिली लेखनात शोभतो. परंतु 'आवर प्लॅन वॉज डिमॉलिश्ड' असे लिहिल्यास वाचक अडखळतो, कारण बेत फसण्यासाठी इंग्रजीत 'रुइन' किंवा 'रेक' हे शब्द आहेत.

मराठीतील एक शब्द इंग्रजीत गेल्यावर कर्मानुसार किती फाटे फोडतो, याचे उत्तम उदाहरण 'निर्मूलन' हे आहे. महापालिकेच्या अतिक्रमण निर्मूलन विभागाचा उल्लेख इंग्रजीत 'रिमूव्हल' या शब्दाने होतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास अधिनियमात त्याच 'निर्मूलना'ला इंग्रजी प्रतिशब्द 'क्लिअरन्स' आहे. अंधश्रद्धा निर्मूलन म्हणताना मात्र इंग्रजी लेखक 'इरॅडिकेशन' लिहितात. शब्द मराठीत एकच असला तरी अतिक्रमण हटवायचे असते, वस्ती मोकळी करायची असते आणि अंधश्रद्धा मुळापासून उपटायची असते, आणि इंग्रजी या तीन क्रिया वेगळ्या मानते.

माणूस आणि त्याचे घर यांच्या बाबतीत तर ही दक्षता अधिकच घ्यावी लागते. झोपडी 'डिमॉलिश' होते, तिच्यात राहणारे कुटुंब 'इव्हिक्ट' होते, आणि त्यानंतर जागा 'क्लिअर' होते. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांनी दाखल केलेल्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निर्णय दिला आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्या प्रकरणातील कळीचा इंग्रजी शब्द 'इव्हिक्शन' हा आहे, कारण प्रश्न पत्र्या-बांबूंचा नव्हता, माणसांना हुसकण्याचा होता. 'द फॅमिलीज वेअर डिमॉलिश्ड' असे वाक्य मराठीतून घाईने भाषांतर करताना लिहिले जाऊ शकते, आणि ते हास्यास्पद तर होतेच, शिवाय ज्यांचे घर गेले त्यांचा अवमान करणारेही होते.

याच पायरीवर आणखी एक सापळा येतो, तो शिधापत्रिकेचा. आपण 'रेशनकार्डातून नाव कमी करणे' असे म्हणतो, आणि नवशिका त्याचे 'रिड्यूस द नेम' करतो. इंग्रजीत नाव 'रिड्यूस' होत नाही. ते 'डिलीट' किंवा 'रिमूव्ह' होते. मतदार यादीतून नाव वगळण्याच्या अर्जातही 'डिलीशन' हाच शब्द आहे. कंपनीचे नाव निबंधकाच्या नोंदवहीतून जाते तेव्हा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४८ प्रमाणे ती कंपनी 'स्ट्राइक ऑफ' होते, आणि वकिलाचे नाव सनदधारकांच्या यादीतून काढले जाते तेव्हाही हेच क्रियापद वापरतात. दूध नासते, त्याला 'स्पॉइल' किंवा 'गो बॅड' म्हणावे. लाडाने बिघडलेल्या मुलालाही 'स्पॉइल्ड' म्हणतात, 'डिस्ट्रॉइड' म्हणत नाहीत.

पायरी दुसरी : मागे काय उरले, ते पाहावे

कर्म ठरल्यावर हानीचे प्रमाण मोजावे. वस्तू दुरुस्त होण्याजोगी असेल तर 'डॅमेज'. अस्तित्वात असूनही निरुपयोगी झाली असेल तर 'रुइन'. तिचे अस्तित्वच संपले असेल किंवा ती पुन्हा उभी करता येण्याच्या पलीकडे गेली असेल तर 'डिस्ट्रॉय'. पावसात भिजून रंग पसरलेली साडी 'रुइन्ड' असते, कारण साडी समोर आहे, नेसता मात्र येत नाही. जळून राख झालेली साडी 'डिस्ट्रॉइड' असते.

एकाच घटनेत या छटा कशा एकत्र येतात, हे मंत्रालयाच्या आगीवरून समजते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली. मजल्यांच्या भिंती व खांब उभे राहिले, आतले मात्र सर्व जळाले. अशा अवस्थेला इंग्रजी वृत्तपत्रे 'गटेड' म्हणतात, कारण मूळ अर्थाने हे क्रियापद मासोळीचे पोट साफ करण्याचे आहे. तेथील जळालेल्या फायली 'डिस्ट्रॉइड' झाल्या. संपूर्ण इमारत मात्र 'डॅमेज्ड' झाली, कारण ती दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली गेली. 'मंत्रालय वॉज डिस्ट्रॉइड इन द फायर' असे कोणी लिहिले, तर ते इंग्रजी म्हणून शुद्ध आणि वृत्त म्हणून खोटे ठरेल. 'गटेड' वापरताना एवढे लक्षात ठेवावे की ब्रिटिश बोलीत 'आय अ‍ॅम गटेड' याचा अर्थ 'माझी घोर निराशा झाली' असा होतो.

विमा कंपनीत काम करणाऱ्याने 'डॅमेज' या शब्दाच्या एकवचन-अनेकवचनाकडे विशेष लक्ष द्यावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरात बुडालेल्या मोटारीचे जे नुकसान होते ते इंग्रजीत 'डॅमेज' असते, कितीही ठिकाणी झाले तरी एकवचनीच. 'डॅमेजेस' हा शब्द न्यायालयाने देवविलेल्या नुकसानभरपाईसाठी आहे. म्हणून 'द कार सफर्ड मेनी डॅमेजेस' असे लिहू नये. दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास भारतीय विमा व्यवहारात ती 'टोटल लॉस' समजली जाते. गाडी डोळ्यांपुढे उभी असली तरी हिशेबात ती गेलेलीच असते.

काही क्रियापदांत मागे उरणारी वस्तूच महत्त्वाची असते. विमानवाहू नौका 'विक्रांत' १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. या क्रियेला 'डीकमिशन' म्हणतात. त्यानंतर काही वर्षे ती मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून होती. २०१४ मध्ये लिलाव होऊन ती दारूखान्याच्या जहाजतोडणी आवारात गेली, तेव्हा ती 'स्क्रॅप' झाली, आणि तिचे तुकडे करण्याच्या कामाला 'ब्रेकिंग अप' किंवा 'डिसमँटलिंग' म्हणतात. या संपूर्ण प्रवासात 'डिस्ट्रॉय' हे क्रियापद कोठेही बसत नाही. तिचे पोलाद वितळवून पुढे एका मोटारसायकलीत वापरण्यात आले. 'स्क्रॅप' या शब्दात ही भंगाराची किंमत गृहीत आहे. युद्धात बुडवलेल्या शत्रूच्या जहाजाला मात्र 'डिस्ट्रॉइड' किंवा 'संक' म्हणावे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट होऊन 'फोर्ट स्टिकाइन' हे जहाज उडाले, त्याच्याबाबतीत 'डिस्ट्रॉइड' हा शब्द पूर्णपणे खरा आहे.

'डिसमँटल' आणि 'डिमॉलिश' यांतील भेदही येथेच समजून घ्यावा. सुटे भाग पद्धतशीर वेगळे करणे म्हणजे 'डिसमँटल', आणि तोडून-फोडून खाली आणणे म्हणजे 'डिमॉलिश'. नोव्हेंबर २०२२ मध्ये मध्य रेल्वेने मोठा ब्लॉक घेऊन ब्रिटिशकालीन कर्नाक पूल हटवला. त्या पुलाचे लोखंडी भाग कापून क्रेनने उचलून न्यायचे होते, रुळांवर पाडायचे नव्हते, म्हणून तेथे 'डिसमँटल' हा शब्द नेमका ठरतो. मांडव, व्यासपीठ, गणपतीची मखर, यंत्र आणि एखादी संघटना यांसाठीही 'डिसमँटल' चालतो.

'रेझ' म्हणजे भुईसपाट करणे. याचा उच्चार 'उंच करणे' या अर्थाच्या, 'एस'ने लिहिल्या जाणाऱ्या 'रेझ' या शब्दाशी तंतोतंत सारखा आहे आणि अर्थ बरोबर उलटा. बोलताना गोंधळ नको असल्यास 'टु द ग्राउंड' हे शब्द जोडावेत, आणि लिहिताना 'झेड' विसरू नये. 'ऑब्लिटरेट' यात खूणही उरत नाही. 'अनायलेट' यात मधल्या 'एच'चा उच्चार होत नाही, आणि तो शब्द सैन्य, जात, वंश, जग अशा प्रचंड गोष्टींसाठी राखून ठेवावा. क्रिकेटच्या बातमीत तो गंमत म्हणून चालतो. 'डेसिमेट' हा शब्द रोमन सैन्यातील शिक्षेपासून आला आहे. बंड करणाऱ्या तुकडीतील दर दहांपैकी एकाला तेव्हा ठार मारीत. आज त्याचा अर्थ 'फार मोठा भाग नाहीसा करणे' असा घेतला जातो, तरी काही जुन्या वळणाचे संपादक त्यावर हरकत घेतात, म्हणून 'डेसिमेटेड बाय नाइन्टी पर्सेंट' अशी वाक्यरचना टाळलेली बरी.

या शब्दांना प्रमाणदर्शक विशेषणे लावतानाही तोल सांभाळावा. 'स्लाइटली डॅमेज्ड', 'बॅडली डॅमेज्ड', 'पार्शली डिस्ट्रॉइड' हे सारे चालते. 'स्लाइटली डिस्ट्रॉइड' आणि 'व्हेरी डिस्ट्रॉइड' चालत नाही. 'कम्प्लीटली डिस्ट्रॉइड' यावर काही जण पुनरुक्तीचा आक्षेप घेतात. माझ्या मते तो आक्षेप अतिरेकी आहे, कारण 'पार्शली' शक्य असेल तर 'कम्प्लीटली' म्हणण्यातही अर्थ आहे.

पायरी तिसरी : झाले की केले

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत : पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, नासणे-नासवणे, बुडणे-बुडवणे. शब्दाच्या रूपावरूनच कर्ता कळतो. इंग्रजीत 'ब्रेक', 'बर्न', 'सिंक', 'स्पॉइल' यांसारखी काही क्रियापदे दोन्ही बाजूंनी चालतात, आणि नवशिका त्यावरून सगळ्यांचा तसाच अंदाज बांधतो. 'डिस्ट्रॉय', 'डिमॉलिश', 'एलिमिनेट', 'इरॅडिकेट', 'अ‍ॅबॉलिश' ही क्रियापदे सकर्मकच आहेत. 'द बिल्डिंग डिस्ट्रॉइड' हे वाक्य अपुरे आहे, कारण वाचक विचारतो की इमारतीने कशाचा नाश केला. तेथे 'वॉज डिस्ट्रॉइड' असे कर्मणी रूप हवे. उलट 'कोलॅप्स', 'पेरिश', 'व्हॅनिश', 'डिसअपीअर' ही सर्वसाधारण लेखनात अकर्मक आहेत, आणि 'द कॉर्पोरेशन कोलॅप्स्ड द वॉल' असे लिहिता येत नाही.

मुंबईत हा भेद व्याकरणापुरता राहत नाही. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतील केसरबाई इमारत कोसळली, तेव्हा इंग्रजी बातम्यांत 'कोलॅप्स्ड' हा शब्द होता. महापालिका एखाद्या इमारतीला मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ खाली नोटीस देते आणि ती सी-१ श्रेणीत, म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याच्या श्रेणीत टाकते, तेव्हा ती 'डिमॉलिश्ड' होते. पहिल्या शब्दात दुर्घटना आहे आणि जबाबदार कोण हा प्रश्न खुला आहे. दुसऱ्या शब्दात आदेश आहे आणि आदेश देणारा अधिकारी आहे. चौकशी अहवालात किंवा भाडेकरूच्या तक्रारीत एकाच्या जागी दुसरा शब्द पडला, तर प्रकरणाचे तोंडच फिरते.

'फिनिश' या शब्दापासून सावध राहावे. 'संपणे' आणि 'संपवणे' या दोन्हींसाठी आपण तो वापरतो, आणि 'द फाइल्स आर फिनिश्ड' या वाक्यातून फायलींचे काम पूर्ण झाले, फायली संपल्या, की फायलींची वाट लागली, हे कळत नाही. त्याचप्रमाणे 'डिस्ट्रक्ट' हे क्रियापद सर्वसाधारण लेखनात वापरू नये. 'डिस्ट्रक्शन' या नामावरून ते तयार झाले असून क्षेपणास्त्राच्या 'सेल्फ-डिस्ट्रक्ट' सारख्या तांत्रिक प्रयोगांतच त्याला स्थान आहे. 'डिमॉलिश'चे नाम 'डिमॉलिशन' आहे, 'डिमॉलिशमेंट' नव्हे. पाडकामानंतर जो राडारोडा उरतो त्याला मुंबईत सारे 'डेब्रिज' म्हणतात आणि कंत्राटदाराशी बोलताना तसेच म्हणावे, पण इंग्रजी मुलाखतीत शेवटच्या 'एस'चा उच्चार करू नये आणि त्या शब्दाचे अनेकवचनही करू नये.

पायरी चौथी : अधिकार कोणाचा, हे तपासावे

कायदा, आदेश, पद, कर, परवाना आणि करार या गोष्टी मराठीत एकजात 'रद्द' होतात. हा एक शब्द आपले सर्व काम भागवतो. इंग्रजीत मात्र 'रद्द' करणारा कोण आहे, यावर क्रियापद बदलते, आणि न्यायालयात किंवा शासकीय कार्यालयात नव्याने आलेल्याची सर्वाधिक तारांबळ येथेच उडते.

कायदेमंडळ स्वतःचा कायदा मागे घेते तेव्हा तो 'रिपील' होतो. संसदेने तीन कृषी कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये 'रिपील' केले. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये 'रिपील' झाला, आणि मुंबईच्या जमिनींच्या कागदपत्रांत तो शब्द आजही वरचेवर भेटतो. न्यायालय एखादा कायदा घटनाबाह्य ठरवते तेव्हा तो 'स्ट्राइक डाउन' होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये असेच मोडीत काढले. न्यायालय 'रिपील' करत नाही आणि संसद 'स्ट्राइक डाउन' करत नाही. खालच्या न्यायालयाचा आदेश वरचे न्यायालय 'सेट असाइड' करते, आणि पोलिसांनी नोंदवलेला गुन्हा उच्च न्यायालय 'क्वॉश' करते. आदेशांत 'क्वॉश्ड अँड सेट असाइड' अशी जोडी पुष्कळदा दिसते. ती वकिली सवय आहे, भाषांतरात 'रद्दबातल' एवढे एकदाच लिहिणे पुरेसे होते.

प्रथा, पद आणि कर 'अ‍ॅबॉलिश' होतात. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाचे इंग्रजी वाक्य प्रत्येक नवशिक्याने पाठ करावे, कारण त्यात हे क्रियापद सर्वांत अचूक जागी आले आहे : 'अनटचेबिलिटी इज अ‍ॅबॉलिश्ड अँड इट्स प्रॅक्टिस इन एनी फॉर्म इज फॉरबिडन.' वाक्याचा पहिला भाग प्रथेचे कायदेशीर अस्तित्व संपवतो आणि दुसरा भाग तिच्या आचरणाला मनाई करतो. प्रथा 'अ‍ॅबॉलिश' झाली म्हणजे समाजातून ती 'इरॅडिकेट' झाली असे होत नाही, याची घटनाकारांना पूर्ण कल्पना असल्याशिवाय दुसरा भाग लिहिला गेला नसता.

करांबाबतचा भेद मुंबईकराला चटकन समजेल. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि महापालिकेची जकात 'अ‍ॅबॉलिश' झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, पण जड वाहनांचा टोल चालू राहिला. तेथे 'अ‍ॅबॉलिश' लिहिणे चूक, 'एक्झेम्प्ट' किंवा 'वेव्ह' लिहिणे बरोबर.

बँकेत 'राइट ऑफ' आणि 'वेव्ह' यांची गल्लत कधीही होऊ देऊ नये. कर्ज 'राइट ऑफ' झाले, म्हणजे निर्लेखित झाले, तर ते बँकेच्या ताळेबंदातून काढले जाते आणि कर्जदाराकडून वसुली करण्याचा बँकेचा हक्क कायम राहतो. 'वेव्ह' झाले तर मात्र ती माफी असते. बातम्यांचे मथळे वाचून कितीतरी कर्जदार या एका क्रियापदामुळे निष्कारण हुरळतात. चलनी नोटांच्या बाबतीतही तीन शब्द वेगळे ठेवावेत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या तत्कालीन नोटा 'डिमॉनेटाइज' झाल्या, म्हणजे त्यांचे कायदेशीर चलनमूल्य गेले. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजाराच्या नोटा चलनातून 'विथड्रॉ' करण्याचे जाहीर केले, पण त्यांची वैधता कायम ठेवली. बँकेत परत आलेल्या जीर्ण नोटा यंत्रात 'श्रेड' होतात, आणि खरा नाश तेवढाच.

सरकारी कार्यालयांत जुन्या कागदपत्रांच्या निंदणीकरणाला इंग्रजीत 'वीडिंग आउट' म्हणतात, आणि येथे दोन्ही भाषांनी शेतातले तण उपटण्याचीच क्रिया उचलली आहे. छाननी करून निरुपयोगी तेवढे वेगळे काढणे म्हणजे 'वीड आउट'. त्यानंतर प्रत्यक्ष जाळणे किंवा कातरणे म्हणजे 'डिस्ट्रॉय'. न्यायालयातील 'डिस्पोज्ड ऑव्ह' या शब्दाने घाबरू नये. याचिका 'डिस्पोज्ड ऑव्ह' झाली म्हणजे निकाली निघाली. ती फेटाळली असेल तर 'डिसमिस्ड' असे लिहिलेले असते. जप्त अमली पदार्थांची विल्हेवाट लावण्यासाठीही हेच 'डिस्पोज ऑव्ह' वापरतात, आणि तेथे ते खरोखर जाळलेले असतात. यातील 'ऑव्ह' एका 'एफ'चा आहे. दोन 'एफ' घालून 'डिस्पोज्ड ऑफ' लिहिण्याची चूक आपल्याकडे इतकी पसरली आहे की छापील नोटिसांतही ती आढळते.

परवाना 'रिव्होक' किंवा 'कॅन्सल' होतो, विवाह 'अनल' होतो आणि तो घटस्फोटाहून वेगळा असतो, ठराव किंवा करार 'रिसिंड' होतो.

पायरी पाचवी : रोग, किडे आणि माणसे यांच्याबाबत शब्द जपून वापरावा

'इरॅडिकेट' या शब्दाच्या पोटात लॅटिनमधील 'मूळ' हा शब्द आहे, त्यामुळे 'समूळ उच्चाटन' हा त्याचा जवळचा मराठी प्रतिशब्द होतो. 'एलिमिनेट' याचा मूळ अर्थ उंबरठ्याबाहेर काढणे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात या दोघांतील फरक अत्यंत काटेकोरपणे पाळला जातो. रोग एखाद्या देशातून किंवा प्रदेशातून हद्दपार झाला तर 'एलिमिनेशन', आणि तो संपूर्ण जगातून कायमचा गेला तर 'इरॅडिकेशन'. १९८० मध्ये देवीचा रोग 'इरॅडिकेट' झाल्याची घोषणा झाली. पोलिओ भारतातून 'एलिमिनेट' झाला. २०१४ मध्ये भारतासह आग्नेय आशिया प्रदेशाला तसे प्रमाणपत्र मिळाले, पण जगात तो अद्याप शिल्लक असल्यामुळे 'इरॅडिकेट' म्हणता येत नाही. १९५८ मध्ये आपल्या हिवताप कार्यक्रमाच्या नावात 'इरॅडिकेशन' होते, ते पुढे गळून पडले आणि १९९९ मध्ये नाव 'अँटी मलेरिया' असे झाले. डासांनी शब्दाला दाद दिली नाही. क्षयरोगाच्या कार्यक्रमात २०२० पासून 'एलिमिनेशन' आहे आणि मराठीत त्याला 'दूरीकरण' म्हणतात, जे 'निर्मूलन' या शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

उंदीर, झुरळे, वाळवी यांना 'एक्स्टर्मिनेट' करतात. १८९६ च्या प्लेगपासून मुंबईत उंदीर मारणे हे पालिकेचे नियमित काम आहे, आणि कीटकनाशक खात्याच्या इंग्रजी टिपणात हा शब्द शोभतो, जरी साध्या पत्रात 'गेट रिड ऑव्ह' पुरेसे असते. कोंबड्यांवर रोग पसरू नये म्हणून त्या मारल्या जातात तेव्हा 'कल' म्हणतात. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूच्या वेळी हा शब्द महाराष्ट्रातील वार्ताहरांच्या परिचयाचा झाला. माणसांच्या संदर्भात 'एक्स्टर्मिनेट' आला की तो वंशसंहार दर्शवतो, म्हणून तो थट्टेतही वापरू नये. 'एलिमिनेट' याला दोन टोके आहेत. स्पर्धेतून संघ 'एलिमिनेट' झाला तर तो केवळ बाद झाला. पण 'फ्रॉम'शिवाय, पोलिसी बातमीत, माणूस 'एलिमिनेट' झाला असे म्हटले तर तो मारला गेला असा अर्थ होतो, आणि मारण्यावर घातलेले ते पांघरूण असते. बातमी लिहिणाऱ्याने अशा ठिकाणी 'किल्ड' लिहावे.

पायरी सहावी : जोडशब्द तपासावेत

मराठीतील 'आगीने' या तृतीयेमुळे 'डिस्ट्रॉइड विथ फायर' असे लिहिले जाते. तेथे 'बाय फायर' किंवा 'इन द फायर' हवे. 'एलिमिनेट'ला 'फ्रॉम' लागतो, 'डू अवे'ला 'विथ', 'रिड्यूस'ला 'टु अ‍ॅशेस' किंवा 'टु रबल'. 'वाइप आउट', 'पुल डाउन', 'रूट आउट' यांत सर्वनाम मध्ये येते : 'पुल इट डाउन' असे म्हणावे, 'पुल डाउन इट' म्हणू नये. 'गेट रिड ऑव्ह' मात्र फुटत नाही.

पायरी सातवी : सराव

आपल्या कार्यालयातील एखादे खरे मराठी टिपण घ्यावे, त्यातील प्रत्येक विनाशवाचक क्रियापद अधोरेखित करावे आणि वरील क्रमाने तपासून इंग्रजी करावे. इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातील उदाहरणवाक्ये वाचून क्रियापदाबरोबर कोणती नामे येतात ते वहीत टिपावे. अर्थ पाठ करण्यापेक्षा या जोड्या पाठ करणे अधिक उपयोगी पडते. नमुन्यादाखल एका गृहनिर्माण संस्थेचे कल्पित टिपण घेऊ.

'सी-१ श्रेणीतील इमारत रिकामी करून पाडण्यात आली. शेजारील भिंत पावसात कोसळली. कार्यालयात पाणी शिरून काही कागद खराब झाले व दोन नोंदवह्या नष्ट झाल्या. अनधिकृत नळजोडणी तोडण्यात आली. आवारातील डासांची उत्पत्तिस्थाने नष्ट करण्यात आली. दिवंगत सभासदाचे नाव कमी करण्यात आले. मागील ठराव रद्द करण्यात आला.'

इमारत 'वॉज व्हेकेटेड अँड डिमॉलिश्ड', भिंत 'कोलॅप्स्ड', कागद 'वेअर डॅमेज्ड', नोंदवह्या 'वेअर डिस्ट्रॉइड'. नळजोडणी 'वॉज डिसकनेक्टेड', कारण 'ब्रोकन' लिहिल्यास पाइप फुटला असे वाटेल. उत्पत्तिस्थाने 'वेअर एलिमिनेटेड'. येथे 'डिस्ट्रॉइड' लिहिले तरी चूक नाही, 'इरॅडिकेटेड' मात्र जास्तीचे होईल, कारण पुढच्या पावसात ती पुन्हा तयार होणारच आहेत. नाव 'वॉज डिलीटेड फ्रॉम द रजिस्टर', आणि ठराव 'वॉज रिसिंडेड'. सभासदांना कळावे म्हणून ठरावासाठी 'कॅन्सल्ड' लिहिण्यास हरकत नाही, पण निबंधकाकडे जाणाऱ्या प्रतीत 'रिसिंडेड' हाच शब्द ठेवावा.